सात उलटा केला की आठ

दूधबाजारातल्या भट्टीवर मुख्तारभाई
पत्र्यांच्या कडेला चुन्यानं आकडे टाकायचा, उर्दूत.
त्याचा सात म्हणजे आभाळाकडं वासलेली चोच
आणि आठ म्हणजे तीच चोच, खाली मान घातलेली.
पत्रा फिरला की साताचा आठ व्हायचा.

हे आम्हांला कळलं तेवीस डिसेंबरला, रात्री साडेदहाला,
शरणपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात.
शांतवननं वरचा कागद उचलला
आणि आईच्या रव्याच्या केकच्या जागी निघाला
काळाकुट्ट, लवंगेच्या वासाचा,
रममध्ये महिनाभर मुरलेल्या मनुकांचा
कुणीतरी परका पाहुणा.

आई म्हणाली, हात लावू नकोस.
तोवर पाव भाग संपला होता.

सकाळी मुख्तारभाईनं वही काढली:
आठ नंबर, एलिकुट्टी, नर्स, बिटको दवाखाना.
शालिमारहून बस. खिडकीची काच बंद होत नव्हती.
मागं कुणी सांगत होतं, निफाडला पारा चारावर,
द्राक्षांच्या बागेत रात्रभर शेकोट्या.
आईच्या मांडीवर तो अर्धवट केक,
आणि भरपाई म्हणून करंज्यांचा डबा.
(गल्लीत दरवर्षी विचारतात,
केदारीबाई, तुमची दिवाळी आत्ता का?
आई दरवर्षी सांगते, तळणीला पंचांग नसतं.)

नाशिकरोडला, दोन खोल्या, दारात कागदाची चांदणी,
आत बल्ब.
आई जरा थबकली.
आमचा आकाशकंदील दिवाळीपासून उतरवलेलाच नसतो,
शेजाऱ्यांचे उतरतात, आमचा तसाच राहतो, मग तोच नाताळचा.
इथं तोच उजेड, फक्त कोपरे वेगळे.

द्राक्षांच्या खोक्याचा गोठा, त्यात पेंढा.
बाळ अजून ठेवलं नव्हतं.
आणि फळीवर, ताटलीखाली झाकलेला,
आमचा रव्याचा केक.
एक कणही उचललेला नव्हता.

आवडला नाही? आई म्हणाली.
एलिकुट्टी दवाखान्यातल्या मराठीत बोलली:
उपास आहे, ताई. पंचवीस दिवस.
मासे नाही, दूध नाही, अंडं नाही.
आज रात्री सुटतो.

उपास.
आमच्या घरात हा शब्द
माझ्या पणजीनं बाप्तिस्म्याच्या दिवशी
टाकातल्या देवांबरोबर नदीवर सोडून दिला होता.
त्यानंतर उपास म्हणजे दुसऱ्यांचा,
साबुदाण्याचा, शेजारच्या घरातून येणारा वास.
आता तो समोर बसला होता,
गळ्यात क्रूस घालून,
रात्रपाळीनं डोळे सुजलेला.

तुपातल्या करंज्या कुठं ठेवाव्यात
आईला सुचेना. डबा पदराखाली घेतला.
मग एकदम म्हणाली, तुमचा पाव केक आम्ही खाल्ला.
आम्ही म्हणजे हा.

शांतवन भिंतीत शिरायला बघत होता.
एलिकुट्टी इतकी हसली
की पलीकडच्या खोलीत कुणीतरी जागं झालं.
म्हणजे तुमच्याकडं नाताळ येऊन गेला, ती म्हणाली,
आमच्याकडं अजून वाटेत आहे.
डबा तिनं पदराखालून स्वतःच काढून घेतला
आणि चांदणीच्या खिळ्याला पिशवीसकट टांगला.
मुंग्या लागतात, म्हणाली. रात्री बारानंतर उतरवीन.

त्या रात्री देवळात आजोबांचं नेहमीचं सुरू झालं:
इथं एके काळी आफ्रिकेतली मुलं राहायची,
गलबतांवरून गुलामीतून सोडवलेली.
आम्ही दरवर्षी मान डोलवायचो आणि स्वेटर ओढून घ्यायचो.
ह्या वर्षी आईनं मध्येच विचारलं,
नाताळला काय खायची ती?

आजोबा गप्प झाले.
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

केक आईनं बारा वाजेपर्यंत कापला नाही.
उपास नाही हं हा, म्हणाली, नुसती थांबलेय.
पत्रा तिच्या पुढ्यात होता,
कडेला पुसट चुन्याची चोच.
तिनं तो एकदा फिरवला.
मग परत फिरवला.